पोटभर ऊन

तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला खाडी, असे कुंडवली नावाचे एक गाव कोकणात आहे. तिथल्या महादेवाच्या देवळामागे खडकाच्या भेगेतून बारा महिने ऊन पाणी येई आणि कुंडात साठे. त्याच देवळाच्या ओवरीत श्री सदागिरी महाराज एकदा उतरले ते कायमचेच. कुठून आले, असे कोणी विचारले की महाराज म्हणत, "इथूनच आलो." आता इथे येणारा माणूस इथूनच कसा येईल? पण महाराजांचे बोलणे हे असे! त्यांच्याकडून माणूस शहाणा होऊन परत जाई असे मी मुळीच म्हणणार नाही. तो डोके खाजवत परत जाई. मीसुद्धा ही कथा सांगताना दर वेळी कुठेतरी अडखळतो, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

त्या कुंडातले पाणी एका दगडी पन्हळीतून खाली उतरायचे. पन्हळीच्या टोकाशी आनशी परटिणीचा कपडे धुण्याचा धोंडा होता. आनशी नि तिचा नवरा धाकू, दोघे गावाचे कपडे धूत. आनशी रोज पहिली चूळ भरली की ओवरीकडे तोंड करून हात जोडी आणि मगच कपड्यांना हात लावी. तिला ना अभंग येत होता ना आरती. पण महाराजांची छाटी मात्र ती अशी धुई की महाराज म्हणत, "आनशे, अगो, ही नेसायला लाज वाटते मला!"

एका थंडीत धाकूचे गुडघे धरले. आधी चालणे गेले, मग उठणे गेले. तो घरात पडून राही आणि आनशीने आधार दिल्याशिवाय कूससुद्धा बदलता येईना. आनशी घाबरली. माणूस असा पडूनच राहिला तर? ती धावत महाराजांकडे गेली. ओवरीत तेव्हा गावचे जमीनदार रंगराव घाटवळ तिच्यामागेच उभे होते.

हे रंगराव म्हणजे ताठ माणूस. देवापुढेही नुसती मान हलवायचे, कंबर म्हणून वाकली नाही. जोडासुद्धा गड्याला पायात घालावा लागे. महाराजांकडे ते यायचे ते गंमत बघायला.

आनशी रडत म्हणाली, "महाराज, धन्यांचे पाय गेले. काय करू वो?"

महाराजांनी वर पाहिले आणि ते म्हणाले, "त्याला ऊन दे. पोटभर ऊन दे."

झाले! एवढेच बोलून महाराज डोळे मिटून बसले. रंगराव मागून खो खो हसले. "ऐकलंस का गो? पोटभर ऊन! आता ताटात वाढ आणि वर तूप घाल!"

आनशी बिचारी घरी आली आणि तिने नवऱ्याला उन्हात निजवले. सकाळी अंगणात, दुपारी पडवीच्या कडेला, ऊन सरकेल तशी ती त्याची चटई सरकवी. धाकू नुसता भाजून निघाला. शेजारीण म्हणाली, "अगो, पोटभर म्हणाले ना महाराज? म्हणजे ऊन ऊन जेवण!" मग आनशीने त्याला चुलीवरून उतरवलेला भात खाऊ घातला. पेज ऊन, कुळथाचे पिठले ऊन, पाणीसुद्धा ऊन. धाकूची जीभ पोळली, पोट बिघडले, पण गुडघे होते तिथेच.

"आनशे, हे ऊन पुरे कर गो," तो कळवळून म्हणाला. "पायांनी नाय मरणार मी, पण तुझ्या उपायांनी मरंन."

आणि मग एके दिवशी धोंड्यावर कपडे आपटता आपटता आनशी एकदम थांबली. हात पाण्यात होते. पाणी ऊन होते! जन्मभर ज्याच्यात गावाची धोतरे धुतली, ते पाणी औषध असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. ते फक्त आनशीलाच सुचले नव्हते असे नाही बरे! सबंध गावात कोणालाच सुचले नव्हते.

कोणालाच कसे? रंगरावांना सुचले होते. मुंबईला जाऊन आल्यापासून ते म्हणत होते, "लोक थंड हवा खायला डोंगरावर जातात, मग ऊन पाण्यात बसायला आमच्याकडे का नाही येणार? संधिवात, त्वचेचे रोग, सगळ्याला उतारा आहे हा. कुंडवलीचं नाव होईल!" आता यात चूक काय होते, सांगा. बोलणे खरेच होते. पण आनशी नवऱ्याला पाठुंगळी घेऊन कुंडाकडे निघाली, तेव्हा तिथे महिनाभर चाललेली चिरेबंदी भिंत पुरी झाली होती. आत फरशीचा हौद, दारावर 'आरोग्यकुंड' अशी पाटी. ती धाकूला आणायला गेली तेवढ्यात पन्हळ फोडून सगळे पाणी हौदात वळवले होते. धोंडा कोरडा ठणठणीत!

"रावसाहेब," आनशी दारातच बसली, "एक डाव धन्यांना बसू द्या पाण्यात. पाया पडते."

"वेडी का काय? उद्या मोटारीतून पाहुणे येणार, डॉक्टर येणार. पाण्यात परीट बसलेला बघून ते राहतील का? तुझ्या महाराजांना सांग, त्यांनी म्हटलंय ना ऊन द्या, मग द्यावं त्यांनीच!"

आनशी ओवरीत गेली नि हुंदके देत म्हणाली, "महाराज, ऊन तर भिंतीआड गेलं. आता कुठून देऊ?"

महाराज तांदूळ निवडत होते. म्हणाले, "धोंडा आहे ना?"

"धोंडा हाय. पाणी नाय."

"मग धन्याला धोंड्यापाशी बसव."

यावर काय बोलणार? मी असतो तर भांडलो असतो. आनशीलाही काही कळले नाही, तिने तसे स्पष्ट सांगितलेही. "कळत नाय महाराज, पण बसवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या ओहोळात, पाय पसरून, धोंड्याला टेकून धाकू बसला होता. वरच्या अंगाला मोटारी आल्या, सनई वाजली. जाणारायेणारा विचारी, "धाकू, कशाची वाट बघतोस?" धाकू म्हणे, "मला काय माहीत? हिला विचारा." आनशी म्हणे, "महाराजांना विचारा."

वर डॉक्टरसाहेबांनी विजार दुमडली आणि हौदात पाऊल टाकले. लगेच बाहेर काढले. "अहो रंगराव, हे तर विहिरीचं पाणी आहे!"

रंगरावांनी गड्याला हात घालायला लावले. गार! भेगेपाशी पाहिले, तिथून थेंब येत नव्हता. हौदात होते तेवढेच पाणी, तेही निवलेले. कोणी गवंड्यावर ओरडले, कोणी कुंडात पैसे टाकून हात जोडले, सनईवाला वाजवू की नको म्हणून थांबला. तेवढ्यात खालून धाकूची आरोळी आली, "मेलो, मेलो! भाजलो गो आनशे!"

सगळे धावले. पाहतात तो धोंड्याखालून वाफाळते पाणी उसळ्या मारत वर येत होते आणि त्यात कमरेइतका बुडून धाकू बसला होता. जय जय सदागिरी महाराज! पाण्याने आपली वाट सोडली आणि ते परटिणीच्या धोंड्याखाली येऊन बसले! पुढे कोणी जाणता म्हणाला, गवंड्यांच्या पहारींनी आतला खडक हलला असेल. असेल बुवा. पण मग तो त्याच धोंड्याखाली का हलला, हे तो सांगेना.

"काय केलंस तू?" रंगराव ओरडले.

"मी धनी बसवले, दुसरं काय नाय," आनशी म्हणाली. तीच सगळ्यांत जास्त गोंधळलेली होती.

महाराज गर्दीतून पुढे आले. पाण्याकडे पाहून म्हणाले, "अरे, हे इथे कोणी आणलं?" आणि मग रंगरावांकडे वळून हळूच म्हणाले, "रंगराव, वाकून हात लावून बघा ना, ऊन आहे का."

रंगराव जागचे हलले नाहीत. लोकांना वाटले, आता हा माणूस महाराजांचाही अपमान करणार. पण रंगरावांनी मान खाली घातली. "महाराज," ते म्हणाले, "वाकता येत नाही मला. वर्षं झाली. कंबर धरली आहे. लोक ताठ म्हणतात, तेच बरं वाटायचं. पांगळा म्हणण्यापेक्षा ते बरं. हा हौद मी... आधी माझ्यासाठीच बांधला."

महाराज आनशीला म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, त्याला ऊन दे म्हणून?"

"ते धन्यांसाठी ना?"

"तू धन्याचं विचारलंस. मागे हा उभा होता. याच्याकडे बघून मी 'त्याला' म्हणालो."

"मग कोणाला द्यायचं होतं?"

"दोघांचीही हाडंच ना गो? मला फरक नाही कळला."

आनशीचा चेहरा लाल झाला. "याला? माझी पन्हळ फोडली याने! दारातून हाकललं मला!" ती पाण्यापुढे आडवी उभी राहिली.

तेव्हा पाण्यातून धाकू म्हणाला, "येऊ दे गो त्यांना. दुखणं काय असतं ते मला ठाऊक हाय. या रावसाहेब, शेवाळ हाय, जपून. हात द्या." आणि तो दोन पावले पुढे आला, रंगरावांचा हात धरला आणि त्यांना पाण्यात उतरवले.

दोन पावले! धाकू उभा होता! कधी उठला, कोणी पाहिलेच नाही. त्याच्या स्वतःच्याही ते लक्षात नव्हते. आनशीने तोंडावर पदर धरला आणि मोठ्याने रडू लागली.

रंगराव धोंड्याला टेकून पाण्यात बसले, शेजारी गावाच्या धुण्याचे पीळ पडलेले. बराच वेळ बसले. मग महाराज धोंड्यावर येऊन उभे राहिले तसे त्यांनी वळून हात जोडले, आणि कंबर वाकली. आधी थोडी, मग आणखी. महाराजांनी पटकन पाय मागे घेतले. रंगरावांचे कपाळ टेकले ते आनशीच्या धोंड्यावर.

"अहो, चुकलात," महाराज म्हणाले.

"नाही महाराज," रंगराव म्हणाले. त्यांनी कपाळ उचलले नाही.

ती भिंत आता नाही. पाहुणे अजूनही दूरदूरहून येतात, पाण्यात बसतात, बरे होऊन जातात. पाण्यात उतरण्याआधी ज्या धोंड्याला हात लावतात, तो देव आहे की धुण्याचा दगड, असे ते विचारतात. आम्हालाही ते सांगता येत नाही. आम्ही वाकतो, एवढेच. बोला, सदागिरी महाराजांच्या उन्हाचा जयजयकार असो!