कोंबडी खाणाऱ्याला आत मज्जाव

"दिवसाढवळ्या कोंबडी जाते म्हणजे काय!" रायाजीराजे कडाडले. "परवा एक गेली, काल एक गेली, आज पुन्हा एक! धोंडू, तूच खातोस की काय?"

म्हातारा धोंडू करवंदगडच्या राजवाड्यातल्या कोंबड्या राखायचा. तीस वर्षं राखल्या होत्या बिचाऱ्याने! त्याने नुसते हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या दिवाणजींना मात्र लगेच कंठ फुटला. "घालवून द्या याला गावाबाहेर, महाराज! मी पडलो शुद्ध शाकाहारी. मला तर हे पाप बघवत नाही!"

धोंडूची सून सगुणा तिथेच दाणे टाकत होती. तिने सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि पुढे आली.

"महाराज, मुंगसाने कोंबडी नेली तर पिसांचा सडा पडतो. इथे एक पीस नाही. एवढा टापटिपीचा चोर मी तरी रानात पाहिला नाही! आणि मामंजींना तर दात उरलेत दोन. ते काय खाणार, कपाळ?"

राजा हसला असता, पण हट्टी माणूस! एकदा चढलेला आवाज खाली आणायचा कसा?

"फार बोलतेस! मग आठ दिवसांत माझ्या कोंबड्यांना अंगण करून दे. मागे दगडी खोलीत कोंडल्या, तर अंडी द्यायच्याच थांबल्या. त्यांना ऊन हवं, वारा हवा, मनसोक्त धावायला जागा हवी. अंगण उघडं पाहिजे आणि बंदही पाहिजे! पहारेकरी मिळणार नाही. आणि नीट ऐक, कोंबडी खाणारा एकही जीव आत शिरता कामा नये. शिरला, तर सासऱ्याला घेऊन गाव सोडायचं!"

घरी येताच धोंडू म्हणाला, "सूनबाई, उघडं आणि बंद, दोन्ही? राजाचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हळू बोला, मामंजी. आणि कुदळ घ्या!"

दोघांनी चिंचेच्या झाडाजवळ चांगली ऐसपैस जागा आखली. बांबूचं दाट कुंपण हातभर जमिनीत गाडलं. मग सगुणाने कुंपणाच्या बाहेरून, अगदी बुडाशी, फरशीचे चपटे दगड पसरून मातीने झाकले.

"हे कशाला गं?"

"मुंगूस कुंपणाला नाक लावूनच उकरतं, मामंजी. दोन पावलं मागे सरून उकरावं, एवढी अक्कल त्याला नाही. बसू दे नखं घासत!"

कोल्ह्यासाठी कुंपणावर बाभळीचे काटे बाहेर झुकवून बांधले. नदीवर मासे धरणाऱ्या भोयांकडून जुनी जाळी आणून वर ताणली. ऊन आत, घार बाहेर! एका कोपऱ्यात अंग घोळायला राख आणि माती, दुसऱ्या कोपऱ्यात चार पायांवर उंच खुराडं. दार मात्र एवढं बुटकं, की माणसाने कमरेत वाकल्याशिवाय आत जाणं नाही. कोंबड्या अशा काही बागडू लागल्या, की धोंडूचे डोळे भरून आले.

आठव्या दिवशी राजेसाहेब लवाजम्यासह आले. वर बघितलं, खाली बघितलं, खोड काढायला जागाच सापडेना! "आतून बघतो," म्हणत ते दाराशी वाकले. सगुणा आडवी उभी राहिली.

"महाराज, काल ताटात काय होतं?"

"रस्सा."

"कशाचा?"

राजाने इकडेतिकडे पाहिलं. मग पुटपुटला, "कोंबडीचा."

"मग तुम्हाला आत मज्जाव! कोंबडी खाणारा आत शिरता कामा नये, हुकूम तुमचाच!"

"अगं, पण मी या कोंबड्यांचा मालक आहे!"

"कोल्ह्यालाही तसंच वाटतं, महाराज!"

सगळा लवाजमा तोंडावर हात धरून खुसुखुसु हसला. राजाने मिशी चावली. "मग आत जाऊन बघायचं तरी कुणी?"

"ज्याने जन्मात कोंबडी खाल्ली नाही, त्याने!"

"म्हणजे मीच!" दिवाणजी छाती काढून पुढे झाले. वाकले, आत शिरले आणि खडावा वाजवत चालू लागले. खट्, खट्, खट्!

त्याबरोबर कोंबडा मान ताणून ओरडला, "कॉक-कक-कक-कक!" मुंगूस दिसल्यावर ओरडतो, अगदी तस्साच! कोंबड्यांची एकच पळापळ. क्षणात सगळ्या खुराड्यात!

सगुणाने राजापुढे हात जोडले. "महाराज, मी हरले. मामंजींना घेऊन गाव सोडते."

"का गं?"

"कोंबडी खाणारा आत शिरला!"

"खोटं!" दिवाणजी किंचाळले. "हा कोंबडा मला ओळखेलच कसा? मी तर तोंडाला उपरणं बांधून..."

आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"तोंड बांधलंत, दिवाणजी," सगुणा म्हणाली, "खडावा कोण बांधणार? तिन्ही दिवस भरदुपारी हीच खटखट आणि हाच कोंबड्याचा ओरडा! मी विहिरीवरून धावत येईपर्यंत कोंबडीही नाही आणि पीसही नाही."

राजाला असं हसू फुटलं, की पागोटं सुटून गळ्यात आलं! त्याने धोंडूचे दोन्ही हात धरले. "चुकलो रे बाबा! तीस वर्षांची तुझी चाकरी, आणि मी तुझ्यावर आळ घेतला!" मग हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातावर ठेवलं. "आजपासून अंगण तुझं, कोंबड्या तुझ्या. दिवाणजी रोज झाडतील. बाहेरून! आणि अनवाणी!"

हसू आवरत राजा पुन्हा दाराशी वाकला. "आता तरी आत येऊ का गं?"

"आज मुदपाकखान्यात काय शिजतंय, महाराज?"

राजाने वाऱ्यावर वास घेतला, ओशाळला आणि म्हणाला, "रस्सा."

"मग कुंपणाच्या फटीतूनच बघा!"

राजा पोट धरून हसत तिथेच चिंचेखाली बसला आणि फटीला डोळा लावला.