आल्बर्टच्या तारा

एका शहरात एकदा एक वृद्ध बेसवादक राहत होता. तो ज्ञानी आहे असे सगळे म्हणत. म्हणणारेही वृद्धच होते, तेव्हा त्या म्हणण्याला किती वजन द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

शहर मिरज. सतारी आणि तंबोरे जिथे घडतात त्या गल्लीच्या टोकाला त्याचे छोटे दुकान होते. उमेदीची सारी वर्षे ऑर्केस्ट्रात बेस वाजवून झाल्यावर आता तो इतरांचे बेस दुरुस्त करी. सगळे त्याला मास्तर म्हणत. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या स्वरात बोलणारी गिटार. तिकीट काढून ती ऐकायला कोणी येत नाही. त्यामुळे ती वाजवणाऱ्यांना कौतुक मिळालेच तर एकमेकांकडूनच मिळायचे असते, आणि एकमेकांचे कौतुक करायचे नाही असा तर त्यांचा जणू पणच असतो.

दर रविवारी सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजीहून बेसवाले मास्तरांच्या दुकानात जमत. चहा येई. कोणाला अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, विकायचा आहे, तारांचा आवाज उचलणारा कोणता पिकअप खरा आणि कोणता नकली, पुण्याच्या कोणी जुना माल कसा भाव पाडून घेतला, हे सगळे निघे. मग आवडत्या वादकांवरून भांडण लागे, आणि प्रत्येक भांडण एकाच नावापाशी येऊन थांबे. आल्बर्ट. बेळगावचा, मास्तरांच्याच पिढीतला, नुकताच वारलेला.

"आल्बर्टचा सूर कानात नाही, बरगडीत वाजायचा," जुन्यांपैकी गजाभाऊ म्हणत. बाकीचे माना डोलावत. मास्तर तेवढे चहाच्या कपात बघत.

मास्तरांकडे अभिनंदन नावाचा शिष्य होता. डिप्लोमा अर्ध्यात सोडून तो इथे शिकायला राहिला होता. कान उत्तम, हात बरा, आणि बेस अगदी हलक्यातला. आयुष्यात त्याला एकच गोष्ट हवी होती: आल्बर्टचा बेस. आल्बर्टची बायको तो आता कोणाला तरी देणार आहे असे कळताच तो बेळगावला गेला. जाताना मास्तरांनी शिकवलेली रीत त्याने बरोबर नेली. जुना माल बघताना तो आवडला हे तोंडावर दिसू द्यायचे नाही. आधी खोड काढायची. मालकाला आपल्याच वस्तूची लाज वाटली पाहिजे.

"मान वाकलीय, मावशी," अभिनंदन म्हणाला. "पिकअप दमलाय. तारा तर बघा, नुसता मळ. ह्या फेकूनच द्याव्या लागतील."

बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पेटीचे झाकण लावले. "एवढा वाईट असेल तर कशाला नेतोस बाळा? राहू दे त्याच्याच खोलीत."

त्यानंतर काही दिवसांनी इचलकरंजीचा सर्वेश तिथे गेला. वडिलांचे माग चालतात, पोरगा बेस वाजवतो. तो जमिनीवर बसला, दुपारभर वाजवत राहिला आणि मध्येच एकदा म्हणाला, "केवढा सुंदर आहे हो हा." बाईंनी बेस तर दिलाच, आल्बर्टचा खांद्याचा पट्टासुद्धा शोधून दिला.

ही बातमी ऐकली त्या दिवसापासून अभिनंदनला अन्न गोड लागेना. सर्वेशला गाडी आहे, घर आहे, बापाचा पैसा आहे, हे तो आधीही जाणत होता. त्याचे कधी काही वाटले नव्हते. आता सर्वेश केस कसे विंचरतो याचासुद्धा त्याला राग येऊ लागला.

आणि सर्वेश तो बेस सेटिंगला, म्हणजे मान-तारा नीट जुळवून घ्यायला, नेमका मास्तरांकडेच आला. "बघा तरी, मास्तर," म्हणत त्याने उभ्याउभ्याच थोडा वाजवून दाखवला. शेजाऱ्याने दुकानात ठेवलेल्या अर्धवट सतारींच्या भोपळ्यांत तो स्वर घुमत राहिला. अभिनंदनने मान खाली घालून उगाच पाने-पक्कड आवरायला घेतली. मास्तर म्हणाले, "ठेवून जा. अभ्या करेल." आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

सर्वेश गेल्यावर अभिनंदनने एकट्याने बेस मांडीवर घेतला. हा आवाज येतो कुठून, हे शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. कान उत्तम होता ना. लाकूड साधे होते. पिकअप बाजारात मिळतो तसाच. आवाज तारांत होता. त्या गुळगुळीत तारांवर आल्बर्टच्या बोटांचा घाम आणि तेल वर्षानुवर्षे मुरून थर जमला होता, आणि त्या थरामुळे स्वर कुठेही खणखणत नव्हता, नुसता जमिनीतून वर येत होता.

आता बेसवाल्यांची एक पद्धत आहे. तारा मळल्या, आवाज बोथट झाला आणि नव्या घ्यायची ऐपत नसली, की तारा उतरवून पाण्यात उकळायच्या. मळ सुटतो, तार पुन्हा चकचकीत बोलू लागते. सगळे करतात, त्यात गुन्हा काही नाही. अभिनंदनने चहाचे पातेले गॅसवर चढवले. कोणी विचारलेच तर उत्तर तयार होते: घाण होती, साफ केली.

रविवारी सगळे जमले. सर्वेशही बेस न्यायला आला. सर्वेशने पट्टा खांद्यावर घेतला, कौतुकाने एकदा सगळ्यांकडे बघितले आणि वाजवले. पत्र्याच्या कपाटाची कडी वाजावी तसा आवाज आला. त्याने बटण फिरवले. पुन्हा वाजवले. पुन्हा कडी.

गजाभाऊंनी कप खाली ठेवला. "लका, बेस आणलास, पण बोटं आणायची राहिली की बेळगावात!"

हशा पिकला.

"घरी असा वाजत नव्हता हो," सर्वेश म्हणाला.

"घरी सगळेच चांगलं वाजवतात."

"वस्तूत काय असतंय? आवाज बोटांत असतो," दुसऱ्या एका जुन्याने निकाल दिला. "मास्तर हल्ली सांगतात ते काय उगाच होय?"

सर्वेशने मास्तरांकडे बघितले. मास्तर चहाच्या कपात बघत होते. मग त्याने आपल्या बोटांकडे बघितले, आणि ती जणू दुसऱ्या कोणाची असावीत तशी बराच वेळ बघत राहिला.

मंडळी पांगल्यावर तो अभिनंदनजवळ आला. "तुला पाहिजे होता ना हा? घे. तुझा मला दे. माझ्या हातात हा शोभत नाही."

अशा रीतीने अभिनंदनला आयुष्यात हवी असलेली एकमेव गोष्ट मिळाली. सर्वेश त्याचा हलका बेस घेऊन निघून गेला. अभिनंदनच्या मनात आले, बोटे नाहीत हे त्याचे त्यालाच पटले, मी थोडेच म्हटले!

तेवढ्यात मास्तर उठले. त्यांनी भिंतीवरचा स्वतःचा बेस काढला. त्याच्या तारा त्यांनी कधी बदलल्या नव्हत्या, आणि शिष्याला तर त्यावर फडकेसुद्धा मारू दिले नव्हते. एकेक खुंटी सैल करत त्यांनी चारही तारा उतरवल्या, गुंडाळल्या आणि त्याच चहाच्या पातेल्यात टाकल्या.

"मास्तर! अहो, काय करताय?"

"गॅस पेटव."

"पण तुमचा आवाज..."

"पेटव म्हणतो ना."

पाण्याला उकळी आली. वर काळपट फेस धरला. मास्तरांनी तारा पुसल्या, चढवल्या, सुरात लावल्या आणि वाजवले. तीच कपाटाची कडी. ज्या हातांनी उभ्या महाराष्ट्रातली स्टेजे गाजवली त्या हातांखाली तीच कडी.

"आता सांग," मास्तर म्हणाले, "माझी बोटं कुठं गेली?"

अभिनंदनची नजर पातेल्याकडे गेली. मास्तरांना सगळे माहीत होते.

"पायरीवर बसलो होतो त्या दिवशी. वास आला. कशाचा आहे तेही कळलं. उठून गॅस बंद करता आला असता. उठलो नाही. का, माहितीय? बरं वाटलं." मास्तरांनी बेस बाजूला ठेवला. "आल्बर्ट जिवंत होता तेव्हा मी गावभर सांगत फिरायचो, त्याच्या हातात काही नाही, बेस चांगला आहे म्हणून वाजतो. तो गेला, बेस या पोराच्या हातात आला. तेव्हा आम्हीच म्हणायला लागलो, बेसमध्ये काही नाही, बोटं आल्बर्टची होती. दोन्ही वेळा खरं काय ते आम्ही बघितलंच नाही. जो समोर बसलाय त्याच्या पदरात काही पडू नये, एवढंच बघितलं. हेवा म्हणजे हेच. त्याला ना वस्तू कळते ना माणूस. आज तो बेस तुझ्या मांडीवर आहे. पुढच्या रविवारी गजा तुलाही हेच म्हणणार, आणि मी चहा पीत गप्प बसणार."

ज्ञानी माणसाने हे सगळे पातेले चढण्यापूर्वी सांगायला हवे होते. पण ज्ञानी माणसांचे तसे नसते. वस्तूची वाट लागल्याशिवाय त्यांना अर्थ सुचत नाही.

अभिनंदनने बेस पेटीत घातला. "चला मग. दोघं मिळून जाऊ सर्वेशकडे."

मास्तरांनी गुडघ्यावर हात ठेवला. "मला कुठं आता एवढा प्रवास..."

"इचलकरंजी काय लांब आहे, मास्तर?"

"तू जा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी नजर वळवली. आपला गुरू सांगू शकतो, करू शकत नाही, एवढे शिष्याला दिसले. मग तो एकटाच निघाला.

सर्वेशच्या घरामागे माग खडखडत होते. तो खोलीत बसला होता, मांडीवर अभिनंदनचा हलका बेस, पण वाजवत नव्हता.

"काय रे? तुलापण वाजेना होय?"

"तारा मी उकळल्या," अभिनंदन म्हणाला.

"उकळतात की सगळे."

"सगळे आवाज यावा म्हणून उकळतात. मी जावा म्हणून उकळल्या."

सर्वेशला समजायला थोडा वेळ लागला. समजले तसा त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "दुपारपासून मी हे सगळं कायमचं सोडायच्या विचारात आहे, लका. आप्पांना सांगूनसुद्धा आलो, उद्यापासून मागावर बसतो म्हणून. आणि तू... ऊठ. बाहेर हो."

अभिनंदनने पेटी जमिनीवर ठेवली आणि तो दारापर्यंत गेला. कबुली देऊन झाली होती. ती तशी सोपीच होती. कबुली देताना माणूस थोडा मोठा झाल्यासारखा वाटतो. दुसरी गोष्ट राहिली होती आणि तिच्यात मोठे वाटण्यासारखे काहीच नव्हते.

"सेटिंगला आणलास तेव्हा उभ्याउभ्या वाजवलंस," तो दाराकडे तोंड करूनच म्हणाला. "ते नुसतं तारांचं नव्हतं. तुझा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. मला तेव्हाच कळलं होतं."

मागून पेटीचे कुलूप उघडल्याचा आवाज झाला.

"तो आवाज परत येईल?" सर्वेशने विचारले.

"रोज वाजवलास तर. पण वर्षं जातील."

"तुझा बेस ने," सर्वेश म्हणाला. "आणि जा आता. मला वाजवायचं आहे."

अभिनंदन आपला बेस खांद्याला लावून रस्त्यावर आला. मागांच्या खडखडाटातूनही भिंतीपलीकडचे वाजवणे ऐकू येत होते. आवाज नवा, चकचकीत, टोचरा. हात मात्र अचूक. अभिनंदन उभा राहिला. पोटात अजून दुखत होते, पण आता दुखत असतानाही त्याला नीट ऐकू येत होते.

दुसऱ्याचे चांगले पाहून पोटात दुखले तर दुखू द्यावे. पण ते चांगले आहे हे त्याच्या तोंडावर सांगावे, आणि वयाने मोठे असाल तर आधी सांगावे.