चोवीस ओळींचं पत्र

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. आठवते ती गिरजा, आणि तिने वेळेवर न मागितलेली एक गोष्ट.

त्या राज्यात डोंगरावर एक वैद्यशाळा होती. तिच्या पडवीत भिंतीला सागाच्या बारा खुंट्या होत्या. दरसाल बाराच विद्यार्थी घेत, आणि ज्याची निवड होई त्याची झोळी एका खुंटीला टांगत. दसऱ्याला अर्ज उघडायला सुरुवात होई आणि मुदत असे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत.

अर्जासोबत तीन पत्रं लागत. एक गावाचं, एक बऱ्या झालेल्या रोग्याचं आणि एक गुरूचं. तिन्ही हाती आल्याखेरीज अर्जाचा विचार होत नसे. गुरूचं पत्र त्याच्याच अक्षरात लागे, कारण शाळेकडे राज्यातल्या प्रत्येक वैद्याच्या अक्षराचा नमुना होता. ते मोहोरबंद असे, आणि शिष्याने ते वाचायचं नसे. शिवाय एक अट होती. गुरूने आपणहून पत्र देऊ नये, शिष्याने ते तोंडाने मागावं. कारण ज्याला स्वतःसाठी मदत मागता येत नाही, तो उद्या अडलेल्या रोग्यासाठी दुसऱ्या वैद्याकडे काय मदत मागणार?

अट शहाणपणाची होती. शहाण्या अटीसुद्धा कधीकधी नको त्या माणसाला नडतात.

डोंगरापासून चार दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं. तिथे वैद्यआबा राहत. आसपासच्या सात गावांना तेवढा एकच वैद्य. गिरजा बाराव्या वर्षी त्यांच्याकडे आली ती खल धुवायला, आणि एकोणिसाव्या वर्षी नाडी पाहून आबांच्या आधी दुखणं सांगू लागली. आबा थकत चालले होते. वैद्यशाळेत शिकून आल्याशिवाय कुणी वैद्यकी करू नये असा राजाचा कायदा होता. म्हणजे आबांच्या मागे सात गावांना वैद्य हवा असेल, तर कुणीतरी त्या बारा खुंट्यांपर्यंत पोचायला हवं होतं. ती गिरजा असणार, असं सगळे धरून चालले होते. गिरजाही मनातून तेच धरून होती, फक्त बोलत नव्हती.

त्या साली माघात तापाची साथ आली. आजाऱ्यांना ओढ्यापलीकडे झोपड्यांत ठेवलं. कुणी तिकडे फिरकेना. गिरजा गेली आणि चाळीस दिवस तिकडेच राहिली. अकरा आजारी होते. नऊ जण आपल्या पायांनी ओढा ओलांडून घरी आले. एक कोष्टीण आणि एक लहान मुलगा, अशी दोघं गेली.

चैत्र उजाडला. आबा ओसरीवर सुंठ कुटत बसले होते. गिरजा समोर मुळ्या निवडत होती. आबांनी बत्ता थांबवला आणि म्हणाले, "गिरजे, काही मागायचं असेल तर आज माग. आज माझ्या मनात सगळं ताजं आहे."

आता सांगा, म्हाताऱ्या माणसाने याहून उघड कसं बोलावं? अट पाळून जेवढं सांगता येत होतं तेवढं त्यांनी सांगून टाकलं होतं.

गिरजाला कळलं नाही असं नाही. शब्द ओठांपर्यंत आले. पण वडीलधाऱ्यांकडे आपण होऊन काही मागायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. त्यात ती दोघं डोळ्यांपुढे आली. दोन माणसं हातची गेली आणि मी शाबासकीचं पत्र मागू? अजून थोडं शिकते, एखादं अवघड दुखणं बरं करून दाखवते, मग मागते. ती म्हणाली, "काही नको आबा. तुमचा आशीर्वाद असू द्या."

आबांनी मान हलवली आणि पुन्हा कुटायला लागले.

त्याच आठवड्यात हैबती आला. हा शेजारच्या गावचा मुलगा, आबांकडे येऊन उणंपुरं वर्षही झालं नव्हतं. त्याने चप्पल काढली आणि सरळ विचारलं, "आबा, मला शाळेत जायचंय. पत्र द्याल का?" आबांनी त्याच दुपारी चार ओळी लिहिल्या, लाखेने बंद केल्या आणि डोंगराकडे जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवल्या. गिरजाला त्याचा धीटपणा मुळीच आवडला नाही. घरी येऊन तिने आत्याला सांगितलं, की अशी मागायला जीभ कशी रेटते लोकांची.

आत्या भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्याची रेटली, तुझी अडली. तवा तापलाय तवर भाकरी टाकावी, बाई. भीड भिकेची बहीण असती."

गिरजा हसली. दसरा कुठे, चैत्र कुठे! चांगले सहा महिने पडले होते.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आषाढात एका गवळ्याचा सडत चाललेला पाय तिने वाचवला. आता मागावं असं मनात आलं, तर आबांच्या घरी पाहुणे होते. मग श्रावणात सणवार. तुम्ही म्हणाल, हे सगळे बहाणे. होय, बहाणेच. पण बहाणा करणाऱ्याला तो बहाणा दिसत नाही. त्याला ती रीतभात वाटते.

भाद्रपदात एका सकाळी आबा अंघोळीला उठले आणि तिथेच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं. जीभ जड झाली.

गिरजाने त्यांची सेवा केली, पोटची लेकसुद्धा करणार नाही अशी. तिने स्वतःचा अर्ज, गावाचं पत्र आणि गवळ्याचं पत्र दसऱ्याआधी पाठवून दिलं. राहिलं एकच. पण आता कोणत्या तोंडाने मागायचं? ज्यांना घास भरवावा लागतो त्यांना लिहायला बसवायचं? या विचारात आबा कोसळल्यापासून महिना निघून गेला. शेवटी कोजागिरीला आत्याने तिचा दंड धरून तिला आबांच्या खाटेपाशी आणलं आणि आपण बाहेर जाऊन बसली.

गिरजा म्हणाली, "आबा, मला पत्र हवंय."

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खूप वेळाने, एकेक शब्द जुळवत, ते म्हणाले, "चैत्रात... का नाही... मागितलंस?"

गिरजाने पदराने त्यांचे डोळे पुसले.

आबा डाव्या हाताने लिहू लागले. वळण मोडकं, पण अक्षर त्यांचंच होतं. दिवसाला एकच ओळ निभे. ती झाली की लेखणी गळून पडायची. गिरजा कागद मांडायची, दौत ठेवायची आणि अटीप्रमाणे पाठ करून बाहेर जायची. दाराबाहेर ती बोटांवर तिथ्या मोजत बसे. थोडक्यात आटपा, चार ओळी पुरे, असं आत्याने दोनदा सुचवून पाहिलं. आबांनी मान हलवून नकार दिला. सात वर्षांचं काम चार ओळींत बसवायला ते तयार नव्हते.

चोवीस दिवसांत चोवीस ओळी झाल्या. पाय वाचलेला गवळी ते पत्र घेऊन निघाला, गिरजा त्याच्यासोबत निघाली. वाटेत ती कुठे फारशी थांबली नाही. पौर्णिमेला दोन दिवस असताना दोघं शाळेच्या पडवीत पोचली. वेळेत पोचलो, असं तिला वाटलं.

तिने भिंतीकडे पाहिलं. बाराही खुंट्यांना झोळ्या होत्या. पहिल्या खुंटीवर हैबतीची झोळी तिने ओळखली. ती आत्यानेच त्याला शिवून दिली होती.

शाळेची मुख्य वैद्या एक वृद्ध बाई होती. तिने लाख फोडली आणि उभ्यानेच पत्र मनात वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. गिरजा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"पोरी," ती म्हणाली, "तुझा अर्ज दसऱ्यालाच आला. मी तो तीनदा उचलला. गुरूचं पत्र नव्हतं, म्हणून तीनदा खाली ठेवला. बारावी झोळी अकरा दिवसांपूर्वी टांगली."

"पण मुदत तर पौर्णिमेची आहे ना?" गिरजाने विचारलं.

"मुदत पौर्णिमेची आहे," वृद्धा म्हणाली, "पण खुंट्या बाराच आहेत."

तिने गिरजाला जवळ बसवलं, जेवू घातलं. पुढच्या वर्षी लवकर ये, असं सांगितलं. मात्र पत्र त्या त्या वर्षाचंच चाले आणि लिहिणारा हयात लागे, कारण शाळा त्याला उलट निरोप धाडून चार प्रश्न विचारत असे.

आबा पौषात गेले.

आबांच्या मागे सात गावांत दुखणं जाणणारं गिरजाशिवाय कुणी उरलं नाही. दुसऱ्या वैद्याच्या हाताखाली राहून नवं पत्र मिळवायचं, तर गावं सोडून जावं लागलं असतं, आणि आजाऱ्यांना टाकून ती जाणारी नव्हती. कायद्याची आडकाठी नसलेल्या साध्या काढ्यांवर आणि लेपांवर ती लोकांना तगवत राहिली. जिथे शस्त्र लागे, जालीम औषध लागे, तिथे कायद्याने तिचे हात बांधलेले होते. अशी काही माणसं गेली. ती कोण होती आणि काय केलं असतं तर वाचली असती, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. चार वर्षं अशी गेली, आणि शाळेत घ्यायचं तिचं वयही उलटलं.

पाचव्या वर्षी हैबती वैद्य होऊन परतला. वैद्य म्हणून तो बरा होता. गिरजापेक्षा कमीच, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. पहिल्याच दिवशी तो तिच्या ओसरीवर आला. म्हणाला, "गिरजाताई, तुमचं पत्र शाळेत आहे. दर दसऱ्याला नव्या मुलांपुढे ते वाचतात. वैद्य कसा असावा ते कळावं म्हणून. मला पाठ आहे. म्हणू का?"

गिरजाने ते कधी ऐकलं नव्हतं. तिने हातातली मुळी खाली ठेवली.

हैबतीने ओळ ओळ म्हटली. मधल्या ओळी अशा होत्या: "साथीत हिच्या हाती अकरा आजारी होते. नऊ वाचले, त्यांच्याबद्दल ही कधी बोलत नाही. दोघं गेली, त्यांची नावं रोज घेते. मला असा वैद्य होता आलं नाही."

ज्या दोघांसाठी ती चैत्रात गप्प बसली, त्यांच्यासाठीच आबांनी तिला सर्वांत वर बसवलं होतं. मग हैबतीने शेवटची, चोविसावी ओळ म्हटली.

"हिला मागता येत नाही. तेवढं शिकवायचं माझ्याकडून राहिलं. ते तुम्ही शिकवा."

गिरजा तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ रडली.

त्या शाळेत पुढे पुष्कळ वर्षं ते पत्र वाचलं जात होतं. पत्र आत राहिलं आणि जिच्यासाठी ते लिहिलं ती बाहेर राहिली.

तात्पर्य: जे मागणं रास्त आहे ते देणाऱ्याचा हात चालता आहे तोवरच मागावं, मुदत कागदावर उरते, वेळ उरत नाही.