चार हातांची धून

जहाजं वाऱ्याच्या मर्जीनं चालत, त्या काळची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका राज्यात एक राणी होती. ती फ्रेंच मुलखातून लग्न होऊन आलेली. सोबत तिची धाकटी बहीण आली होती, आणि एक पियानो.

संध्याकाळी धुकं महालाच्या पायऱ्या चढू लागलं की दोघी बहिणी त्या एकाच पियानोपुढे खेटून बसत आणि माहेरची एक धून वाजवत. ऐकणाऱ्याला वाटे, पाण्याखाली कुठेतरी एक गाव आहे आणि तिथे हळूहळू दिवे लागताहेत.

मग तापाच्या एका साथीत धाकटी गेली. राणीनं पियानो मिटला तो मिटलाच. खाऱ्या हवेनं त्याच्या तारा गंजल्या. राणीचं अन्न तुटलं, बोलणं खुंटलं. ती नुसती खिडकीशी बसून राही.

राजानं दरबारच्या वृद्ध वीणावादकाला बोलावलं. "गुरुजी, ती धून तुम्ही रोज ऐकली आहे. आपल्या वादकांकडून वाजवून घ्या. नाहीतर राणी काही आपल्या हाती लागत नाही."

म्हातारा कामाला लागला. बासरी, सारंगी, जलतरंग आणि त्याची स्वतःची वीणा, एवढाच मेळ. राणीच्या धुनेतला एकही सूर गळता कामा नये, असं त्यानं मनाशी धरलं. आठवून आठवून सगळे सूर चौघांत वाटले. कुणालाच उसंत उरली नाही.

राणीनं शेवटपर्यंत ऐकलं. "सूर सगळे आहेत, गुरुजी," ती म्हणाली, "पण ही आमची धून नाही."

वादक ओशाळून निघाले. म्हातारा मात्र बसून राहिला. त्यानं हळूच विचारलं, "राणीसाहेब, वाजवताना धाकट्या बाईसाहेब काय करायच्या?"

राणी मिटलेल्या पियानोकडे वळली. "एका ठिकाणी माझा हात तिच्या हातावरून पलीकडे जायचा," ती म्हणाली. "तेव्हा ती आपला हात उचलून घ्यायची. मला वाट द्यायची, आणि हसायची." बोलता बोलता तिला रडू फुटलं. बहीण गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

म्हातारा घरी आला आणि कष्टानं जमवलेले सूर एकेक करून काढू लागला. जीव तुटत होता, तरी सुरुवात त्यानं आपल्या वीणेपासून केली.

सारंगीवाला कुरकुरला, "माझा सगळ्यात गोड तुकडाच गेला की."

"तिथे तू बासरी ऐक," म्हातारा म्हणाला. "मग मला सांग."

सारंगीवाल्यानं ऐकलं, आणि तो तुकडा आपणहून सोडला.

मेळ परत राणीपुढे बसला. बासरी बोलली की सारंगी थांबे, सारंगी उठली की जलतरंग मंद होई. बहिणीच्या हाताची जागा आली तेव्हा चौघांनीही हात उचलले. त्या शांततेत एक बारीक आवाज आला. राणी गुणगुणत होती. ती थांबेपर्यंत कुणी वाद्याला हात लावला नाही.

त्या रात्री राणी राजाबरोबर जेवली. पुढे ती धून खिडकीतून बंदरावर गेली, होड्यांवरून गावोगाव पोचली. आजही त्या किनाऱ्यावरचे लोक ती म्हणताना मध्येच थांबतात आणि शेजारच्याला गाऊ देतात.

बोध एवढाच: सोबत वाजवायचं असो की जगायचं, आपण जागा सोडली तरच दुसऱ्याचा सूर तिथे येतो.