ज्वरहर यज्ञाचा यजमान

कृतयुग सरले होते आणि त्रेतायुगाची नुकती कुठे पहाट होत होती, त्या वेळी पृथ्वीवर रोग थोडे होते. पण जे होते त्यांवर उपाय कोणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा शुक्तिमती नदीच्या तीरी, जिथे हरिणे होमधेनूच्या पाठीला पाठ लावून विसावत आणि वेदघोष ऐकून वेलींनाही कळ्या येत, अशा रम्य तपोवनात अर्चिष नावाचे महातेजस्वी ऋषी राहत. देहातली उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, या एका प्रश्नापायी त्यांनी बारा वर्षे घालवली होती. दगड तापवायचे, पाण्यात सोडायचे, पाण्याला हात लावून बघायचा, भूर्जपत्रावर लिहायचे, की पुन्हा दगड तापवायचे. पत्नी कुमुद्वती हसून म्हणे, "दगडांचा ताप उतरला, आता माणसांचं बघा."

मग ते हसणे थांबले. त्यांची दोन वर्षांची ईषा तापाने फणफणली. तीन दिवस झाले, डोळा उघडेना, घोटभर पाणी पोटात ठरेना.

उपाय ऋषींना सापडला होता. सात दिवस अग्नीवर तुपाची अखंड धार धरली, तर अग्निदेव प्रत्यक्ष प्रकटून ज्वर परत घेण्याची विद्या देणार होते. पण आश्रमात दुभती गाय एक. सात दिवसांची धार आणायची कुठून?

ही वार्ता राजा दुर्धर्षाच्या कानी गेली. तो रथातून आला. मागोमाग नगरश्रेष्ठी कांचनगुप्त तुपाच्या रांजणांनी भरलेल्या शंभर गाड्या घेऊन आला.

"मुनिवर," राजा म्हणाला, "तूप आम्हा दोघांचे, समिधा आमच्या, मंडप आमचा. विद्या तुमची. यजमानाच्या आसनावर तेवढा मी बसेन आणि संकल्पाचे पाणी सोडेन."

कुमुद्वतीने ऋषींना बाजूला घेतले. "स्वामी, ऋत्विजाला दक्षिणा मिळते, फळ यजमानाला. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"अगं, विद्या ताप उतरवण्याची आहे. राजाने मागितली काय आणि मी मागितली काय, ताप उतरणारच. संकल्प म्हणजे चार शब्द."

"लग्नातही चारच शब्द होते. बारा वर्षं दगड उचलतेय."

ऋषींनी मुलीकडे पाहिले आणि होकार दिला. कोणता बाप देणार नाही? चूक एवढीच झाली, की शंखांच्या गजरात राजाने काय संकल्प सोडला, हे त्यांनी विचारले नाही.

सातव्या दिवशी माध्यान्ही ज्वाळा स्थिर झाली. झाडांच्या सावल्या नाहीशा झाल्या, नदी वाहायची थांबली, आणि कुंडातून सप्तजिव्ह भगवान अग्नी उभे राहिले. सोने वितळून त्याला डोळे फुटावेत, असे ते रूप. पशू, पक्षी, ऋषी, सैनिक सारे जमिनीला कपाळ टेकून राहिले.

"अर्चिष, तू मला जसे जाणलेस तसे देवांनीही जाणले नाही."

"मग देवा, माझ्या ईषेचा ज्वर घ्या."

"संकल्पात तिचे नाव नाही. यजमाना, बोल."

राजा म्हणाला, "जी उष्णता देहातून काढता येते, ती देहात घालताही येईल. ती माझ्या बाणाच्या टोकावर दे."

"आणि देवा," श्रेष्ठी हात जोडून म्हणाला, "ताप उतरवणारी जी वनस्पती असेल, ती आमच्याच कुंपणात उगवू दे. बाहेर उगवली, तर लोक नुसतीच खुडून नेतात हो."

"तथास्तु," अग्नी म्हणाले. त्यांचा आवाज मात्र जड होता.

राजाने लगेच बाण सोडून पाहिला. पैलतीरावरचा डोंगर क्षणभर आतून उजळला, आणि पाखरू उडण्याआधी सागाचे सारे वन राख झाले. नदीतून वाफ उठली. आकाशात देव हात जोडून उभे राहिले. "धन्य तुमची विद्या," असे म्हणून राजाने ऋषींच्या पायांवर डोके ठेवले, आणि लवाजमा निघून गेला.

अर्चिष खाली बसले. कुमुद्वती झोपडीत गेली. घरच्या गाईचे तूप होते पळीभर. ती मुलीला कडेवर घेऊन थेट यजमानाच्या आसनावर बसली, तिने पाणी सोडले आणि पळी कुंडात रिती केली. "मी कुमुद्वती, ईषेची आई. हिचा ताप उतरावा. बाकी काही नको."

निघालेले अग्नी वळले. "माते, ज्याचे तूप त्याचे फळ, हा नियम मलाही मोडता येत नाही. धारेला अस्त्र दिले. पळीला पळीभरच देता येईल."

"पळीभर द्या. उद्याची पळी उद्या आणीन."

तेव्हा त्या विराट देवाने आपल्या साती जिव्हा मिटल्या, आणि तो दिव्याच्या ज्योतीएवढा होऊन त्या बाळापुढे वाकला. ईषेच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला. संध्याकाळी ताप पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आश्रमातली एक आई आपली पळी घेऊन आली, तिसऱ्या दिवशी आणखी एक. अशा एकवीस आया आल्या. बाविसाव्या दिवशी ईषेने डोळे उघडून दूध मागितले.

अग्नीचा तो नियम अजून चालू आहे. भूलोकी शस्त्राची विद्या सात दिवसांत सिद्ध होते. लेकरांच्या औषधाची विद्या मात्र आयांच्या पळ्यांनी एकेक करून जमते, आणि ती अजून पुरी झालेली नाही.