तळ्याचा निबंध

झाडं रात्री पाणी प्यायला चालत जायची, तेव्हाची गोष्ट. कासवगुरुजींनी बेडूक, खंड्या आणि खेकड्याला सांगितलं, "तिघं मिळून आपल्या तळ्यावर एकच निबंध लिहा."

तिघांनी पळसाच्या एकेका पानावर लिहिलं. मग पत्रावळीसारखी पानं टाचायला घेतली.

"माझी एकही ओळ झाकायची नाही हं!" खेकड्यानं बजावलं. इतरांचंही तेच म्हणणं. म्हणून पानं कडेला कड लावूनच टाचली.

गुरुजींनी पत्रावळीवर ओंजळभर पाणी ओतलं. ते सगळं फटींतून गळून गेलं.

"यात तळं राहत नाही रे," गुरुजी म्हणाले.

खेकड्यानं पहिल्यांदाच बेडकाचं पान वाचलं. "तळ्याच्या मधोमध इतकं गार असतं?" त्यानं विचारलं, आणि आपली लाडकी ओळ हळूच त्याच्या पानाखाली सरकवली.

ते पाहून बाकी दोघांनीही आपापल्या पानांच्या कडा एकमेकींवर चढवल्या आणि तिघांनी पत्रावळ पुन्हा टाचली. या वेळी गुरुजींनी ओतलेलं पाणी थांबलं. त्यात आभाळ उतरलं.