भानुदासरावांचे लाल मोजे

एका गावात एक भोळा मोजेवाला होता. खरं म्हणजे मोजे विणायची त्याची येसूआत्या. नथू नुसताच भोळा होता.

नथूचं लग्न जमत नव्हतं. तीन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. चौथं स्थळ पठारावरच्या शेवंताचं. जत्रेत ती नथूकडे बघून हसली होती. तेव्हापासून नथूला दुसरं काही सुचत नव्हतं. तिचे वडील भानुदासराव शुक्रवारी येणार होते. त्यांचे पाय बारा महिने गारठलेले.

"घरी रंगवलेले लोकरी मोजे त्यांच्या पायात घातले की होकार आपलाच," आत्या म्हणाली. "लोकर रंगव आणि वाळत घाल."

नथूनं लोकर लाल रंगात बुडवली आणि थबथबती तशीच उन्हात पसरली. संध्याकाळपर्यंत रंग पार उडाला.

"अरे शहाण्या! रंगवलेलं आधी पिळायचं, मग सावलीत टांगायचं! आता विणून घे. मोजे झाले की परत रंगात बुडवू."

"बरं, आत्या."

आत्यानं त्याच्या हातात गोल लाकडी साचा दिला. साच्याला कडेनं खिळे. "प्रत्येक खिळ्याला धागा गुंडाळायचा. एकही सोडायचा नाही," असं बजावून ती पाण्याला गेली.

परत आली तर धागा साच्यावरून कॅलेंडरच्या खिळ्याला, तिथून कंदिलाच्या, तिथून दाराच्या. आत्या हंड्यासकट अडकली.

"मेल्या, घराला मोजा घालतोस का? पायाकडे बघून विण की!"

"बरं, आत्या."

नथूनं स्वतःच्या पायाकडे बघत एक मोजा विणला. तो कुत्र्यानं पळवला.

"जाऊ दे की आत्या. अजून दुसरा करायचाच आहे."

आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "अरे, मोजे दोन लागतात! दोन्ही एकत्र ठेवायचे, वेगळे होऊ द्यायचे नाहीत!"

"बरं, आत्या."

शुक्रवारी भानुदासराव आले. माणूस काडीसारखा. पोटभर जेवले आणि अंगणात बाजेवर आडवे होऊन घोरू लागले.

"मी विड्याची पानं घेऊन येते. तोवर मोजे विणून रंगवून ठेव," आत्या म्हणाली आणि गेली.

नथूनं पायाकडे बघितलं. समोर पाहुण्यांचे होते. त्यानं दोन्ही पाय एकत्र केले, साचा चढवला आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत झकास विणत गेला. पाहुणे झोपेत हसले. कितीतरी वर्षांनी त्यांचे पाय उबदार झाले होते. साचा काढताना त्यांना जाग आली.

"अहो, दोन्ही पाय एकात कशाला?"

"वेगळे होऊ द्यायचे नाहीत. थांबा, रंग राहिलाय."

आत्या पानं घेऊन आली ती फाटकातच थिजली. चिंचेच्या फांदीला भानुदासराव उलटे टांगलेले. कमरेपर्यंत लालभडक. पीळही पडलेला. रंगाचे ओघळ नाकापर्यंत आले होते आणि ते बोंबलत होते, "पोरगी देणार नाही! सात जन्म देणार नाही!"

"नथ्या, मुडद्या! मोडलं की रे लग्न!"

नथूनं टाचा उंचावून मोजा दोन बोटांनी चाचपून बघितला.

"मोडतंय कशानं, आत्या? पाहुणे अजून ओले आहेत. वाळले की हो म्हणतील."